चौथ्या ठोक्यानंतर

हर्षालीनं चौथी रबरी चकती गफारभाईंच्या उजव्या खांद्यामागं चिकटवली, वायरी सारख्या केल्या आणि मशीनचं बटण हळूच फिरवलं.

“मुंग्या आल्यासारखं वाटलं की सांगा, काका.”

“आल्या.”

“चावतायत का?”

“न्हाय. वळखीच्या हायत.”

ती हसली. पडदा ओढून पलीकडच्या पेशंटकडं जाता जाता तिनं खिडकीत ठेवलेल्या मोबाइलवर गाणं लावलं. गाणं म्हणजे गाणं नव्हतंच ते. त्यात शब्द नव्हते, पेटी नव्हती, ढोलकी नव्हती. नुसती गिटार होती, आणि ती कुणीतरी एकटंच बसून, कुठं जायची घाई नसल्यासारखं वाजवत होतं. शेक घेताना पेशंटनं अंग सैल सोडावं म्हणून ते रोज लावलं जायचं. पहिले दोन दिवस गफारभाईंनी अंग इतकं सैल सोडलं होतं की त्यांच्या घोरण्यानं पलीकडच्या गुडघेदुखीवाल्या बाईंना हसू आवरेना झालं होतं.

आज तिसरा दिवस होता. असे दहा दिवस यायचं होतं.

गफारभाई नदाफांचं तुळजापुरात बसस्टँडच्या मागं गादी-रजईचं दुकान होतं. वय सदुसष्ट. चार महिन्यांपासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. टोपी डाव्या हातानं घालायची, सदरा घालताना बायकोला हाक मारायची. नमाजाला उभं राहून दोन्ही हात कानांपर्यंत न्यायचे, तर डावा पोचायचा आणि उजवा अर्ध्या वाटेत राहायचा, याचं त्यांना फार वाईट वाटायचं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, खांदा आखडलाय, आणि हर्षालीकडं फिजिओथेरपीला पाठवलं. बायकोच्या, फरिदाबींच्या मते आख्खा माणूसच आखडलेला होता, पण त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलं नाही.

डोळे मिटून गफारभाई झोपेची वाट बघत पडले होते. डुलकी लागणार एवढ्यात गिटार थांबली. संपली नाही, थांबली. त्यांनी डोळे उघडले. गिटार पुन्हा सुरू झाली, त्यांनी डोळे मिटले. जरा वेळानं ती पुन्हा तशीच थांबली आणि त्यांचे डोळे पुन्हा उघडले.

मग मात्र ते कान देऊन ऐकू लागले. वर बारीक तारांवर सुरांची वेलबुट्टी चालली होती. तिच्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. पण खाली एका जाड तारेवर एकच चाल चालली होती. तीन हलके ठोके, चौथा जड, आणि मग थांबणं. एक श्वास आत घेऊन बाहेर सोडावा, एवढंच थांबणं. पुन्हा तीन हलके, चौथा जड.

हे थांबणं गफारभाईंच्या हाडांत बसलेलं होतं. दुकान टाकण्याआधी, कापूस पिंजायचं मशीन येण्याआधी, ते पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव फिरत असत. पिंजण म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्य आणि त्याला ताणून बांधलेली आतड्याची तात. ती कापसाच्या ढिगात धरायची आणि लाकडी दस्त्यानं तिला ठोके द्यायचे. तात थरथरते, कापूस फुलतो, कचरा खाली बसतो. प्रत्येक पिंजाऱ्याचा हात निराळा. कुणी दोन ठोक्यांवर थांबतं, कुणी सहांवर. गफारभाईंच्या वडिलांचा हात तीन हलके आणि चौथा जड असा होता, आणि तोच गफारभाईंना लागला. चौथ्या ठोक्याला तातेला चिकटलेला कापूस सुटायचा. मग दस्ता मांडीवर टेकवायचा, त्याच हातानं खालचा कापूस वर घ्यायचा आणि पुन्हा सुरू करायचं. बघणाऱ्याला वाटायचं, बाबा दमला म्हणून थांबला. पण तो विसावा नसायचा. तेवढ्या वेळात कापूस उलटायचा असतो.

ही चाल जगात तिघांना ठाऊक होती. त्यांतले एक, गफारभाईंचे वडील, मातीत गेले होते. दुसरे इथं खाटेवर वायरी लावून पडले होते. तिसरा कलीम.

कलीम हा त्यांचा एकुलता मुलगा. तो दीड-दोन वर्षांचा असताना फरिदाबीही नवऱ्याबरोबर कामावर जायच्या. ईट गावात एका मोठ्या लिंबाखाली पिंजण लागायचं आणि त्या पोराला कापसाच्या ढिगाशेजारी निजवायच्या. एवढ्या आवाजात ते पोर बिनघोर झोपायचं. ठोका थांबला की मात्र डोळे उघडून बघायचं, आणि पुन्हा सुरू झाला की मिटायचं. दिवसभर हा खेळ चालायचा. गफारभाई कधीकधी मुद्दाम जरा जास्त थांबायचे, त्याचे डोळे बघायला मिळावेत म्हणून.

पडद्यातून हर्षालीनं डोकं आत घातलं.

“काका, दुखतंय का? डोळ्यांत पाणी आलंय.”

“मुंग्या जरा वाढल्या,” गफारभाई म्हणाले.

कलीमला घर सोडून सहा वर्षं झाली होती.

गिटार त्यानं बारावीच्या सुट्टीत सोलापूरहून आणली, कुणाची तरी जुनी. आधी गफारभाईंनी थट्टाच केली. “आमच्या पिढ्या एका तारेवर जगल्या,” ते म्हणायचे, “तुला इतक्या कशाला लागत्यात?” पोरगं हसायचं आणि गल्ल्यामागं बसून वाजवत राहायचं. थट्टेचा राग कधी झाला ते दोघांनाही कळलं नाही. त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर बलभीमरावांच्या लॉजच्या चाळीस गाद्या द्यायच्या होत्या. टाके घालायचं काम कलीमकडं होतं, आणि कलीम न सांगता कुठल्याशा कार्यक्रमात वाजवायला सोलापूरला गेला. बलभीमराव दुकानात येऊन चार माणसांदेखत काय काय बोलून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी कलीम परत आला, तेव्हा गफारभाईंच्या हातात कापड कापायची मोठी कात्री होती.

“लोकांना झोपवायचं काम आपलं,” ते म्हणाले. “तुझ्या ह्या ट्यांव-ट्यांवनं कुणाला झोप लागणार हाय?”

आणि त्यांनी गिटारीच्या तारा तोडल्या. एकेक करून, सगळ्या. कलीम समोर उभा होता. त्यानं हात धरला नाही की आवाज चढवला नाही. तिसऱ्या दिवशी तो पुण्याच्या गाडीत बसला. गिटार इथंच राहिली.

महिनाभरानं गफारभाईंनी फुलाफुलांचं चांगलं कापड काढलं, ताजा कापूस घेतला आणि नवरीच्या रजईला घालतात तसे बारीक टाके घालून त्या गिटारीला एक जाड खोळ शिवली. मग ती खोळीसकट घरात, जुन्या पिंजणाशेजारच्या खुंटीला टांगली. फरिदाबींनी विचारलं, हे काय? “धूळ बसती,” ते म्हणाले.

कलीमचा फोन दर शुक्रवारी दुपारी यायचा, फरिदाबींच्या मोबाइलवर. त्या वेळी गफारभाईंना हटकून मागच्या दारी काहीतरी काम निघायचं. आत आले की विचारायचे, “बरं हाय का?” फरिदाबी म्हणायच्या, “बरं हाय.” सुरुवातीला त्या जास्त सांगायला जायच्या, नोकरीचं, खोलीचं. तेव्हा गफारभाईंनीच त्यांना तोडलं होतं, “म्या विचारलं का?” तेव्हापासून सहा वर्षं त्या तेवढंच सांगत आल्या. मुलगा पुण्याकडं कुठंतरी कामाला आहे, यापलीकडं बापाला त्याचं काही ठाऊक नव्हतं, आणि ही करणी बापाचीच होती.

चौथ्या दिवशी हर्षालीनं चकत्या चिकटवल्या. मग गफारभाईंनी छताकडं बघत विचारलं,

“पोरी, हे कोण वाजवतंय?”

हर्षालीनं मोबाइल हातात घेतला. “नाव नाही हो काका लिहिलेलं. नुसतं ‘मन शांत करणारी गिटार, तीन तास’. आणि फोटोत एक तळं आहे.”

“लई लोक ऐकत्यात का?”

“ऐंशी लाखांच्या वर. खाली काय काय लिहितात बघा लोक. ही एक बाई म्हणते, नवरा गेल्यापासून झोप नव्हती, हे लावलं तेव्हा लागली. हा एकजण म्हणतो, आमचं बाळ ह्याच्याशिवाय झोपत नाही.”

गफारभाईंनी मनातल्या मनात आपल्या सगळ्या गाद्या मांडून बघितल्या. लॉजच्या, लग्नातल्या, गावोगावच्या. एकीशेजारी एक मांडल्या तरी ऐंशी लाख माणसं काही त्यांवर मावली नसती. नाव का लिहिलं नसेल, हे त्यांना विचारावं लागलं नाही. नाव लिहायचं तर नदाफ लिहावं लागलं असतं, आणि बापाचं नाव लावायची पोराला इच्छा नसेल. त्यात त्याचं काय चुकलं, असं त्यांना वाटलं. तरी पोरानं बापाचं नाव टाकून बापाचा हात तेवढा ठेवला होता. त्या दिवशी घरी जाताना ते वाटेत दोनदा थांबले.

पाचव्या दिवसापासून शेकानंतर भिंतीचा व्यायाम सुरू झाला. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि उजव्या हाताची दोन बोटं माणसानं जिना चढावा तशी चढवत न्यायची. हात जिथं अडेल तिथं हर्षाली पेन्सिलीनं खूण करायची. पहिली खूण गफारभाईंच्या छातीपाशी झाली. ती बघून त्यांना लाज वाटली. मग त्यांनी आपण होऊनच सांगितलं, “ते वाजवणं लाव बघू.”

गिटार सुरू झाली, तशी बोटं तिच्या चालीवर चढू लागली. तीन लहान पावलं, चौथं मोठं, मग थांबायचं. थांबल्यावर तळवा आपोआप वळायचा, खालचं काही वर घेतल्यासारखा, आणि त्या वळणात हात वीतभर पुढं सरकायचा. दुसरी खूण खांद्याच्या वर गेली.

“अहो काका, हे कसं केलंत?”

गफारभाईंना सांगितल्यावाचून राहवेना. त्यांनी पिंजणाचं सांगितलं, कापूस उलटण्याचं सांगितलं, ईटच्या लिंबाखालचं सांगितलं. आणि शेवटी, भिंतीकडंच तोंड ठेवून म्हणाले, “हा वाजवणारा माझा पोरगा हाय.”

“खरंच?” हर्षालीचे डोळे मोठे झाले. “मी वर्षभर रोज ऐकते. मला वाटायचं, ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून मध्ये थांबतात.”

“न्हाय. कापूस उलटतो त्यो.”

“मग त्याला फोन केलात का?”

गफारभाई सदऱ्याची बटणं लावू लागले. डाव्या हातानं बटणं लावायला बराच वेळ लागतो.

सहाव्या दिवशी खूण हनुवटीपाशी पोचली, सातव्या दिवशी गालापाशी. हर्षाली अणदूरची होती, रोज बसनं ये-जा करायची. त्या दिवशी तिचंच तोंड उतरलेलं होतं. गफारभाईंनी कारण विचारलं.

“काही नाही हो. आमचा देव दर वर्षी दोन महिने नळदुर्गाला नेतात ना, तो गेलाय सध्या. खंडोबा गेला की आमचं गाव रिकामं रिकामं वाटतं. आई तर रोज बंद गाभाऱ्यालाच हात जोडून येते.”

“मंग कवा येनार?”

“पौषातली यात्रा झाली की येणार. दोन्ही गावांत लेखी करारच असतो तसा.”

“लेखी हाय ते बरं हाय,” गफारभाई म्हणाले. जरा वेळानं ते पुन्हा म्हणाले, “लई बरं हाय.” हर्षालीनं त्यांच्याकडं बघितलं, आणि बोटं भिंतीवर पुन्हा खालून ठेवली.

नववा दिवस शुक्रवारचा होता.

नमाजहून येऊन गफारभाई घरात बसले. फरिदाबी तांदूळ निवडत होत्या. ताटाशेजारी मोबाइल होता. तो वाजला तशा त्यांनी सवयीनं नवऱ्याच्या उठण्याची वाट बघितली. नवरा उठला नाही. उलट त्यानं हात पुढं केला, तोही उजवा.

“दे,” गफारभाई म्हणाले.

फरिदाबींच्या हातातले तांदूळ ताटात पडले. त्यांनी मोबाइल दिला आणि पदर सावरून तिथंच बसून राहिल्या. त्यांच्या घरात बोलणं दखनी उर्दूत चालायचं. आपण ते मराठीतच ऐकू. फार लांबलचक नव्हतंच ते.

“कलीम.”

पलीकडून कुठलीशी मोठी गाडी मागं घेताना होतो तसा पीं-पीं आवाज तेवढा येत होता.

“अब्बा?”

“व्हय. जेवला का?”

“जेवलो.”

सहा दिवस मनात घोळवलेलं भाषण गफारभाईंच्या डोक्यातून पार पुसून गेलं होतं. उरलं होतं ते त्यांनी तसंच बोलून टाकलं.

“तुझं वाजवणं ऐकतोय म्या. शेक घ्यायला जातो तिथं. रोज लावत्यात.”

“माझं?”

“नाव नसंना का लिहिलं. हात वळखतो म्या. तीन हलके, चौथा जड, आन् मंग थांबतोस. आपलाच हात हाय त्यो, माझ्या बापाचा. ऐंशी लाख लोक ऐकत्यात म्हणं. झोप लागती त्यांना.” त्यांनी मोबाइल कानाशी घट्ट धरला. “म्या म्हनलो हुतो, कुणाला झोप लागनार न्हाय. माझं चुकलं, बाळा. लई चुकलं.”

फरिदाबींनी मान वळवून दाराकडं तोंड केलं. पीं-पीं आवाज थांबला.

“अब्बा,” कलीम हळू आवाजात म्हणाला, “ते म्या न्हाय.”

“लपवू नको आता.”

“खरंच न्हाय. माझ्याकडं गिटारच न्हाय. हितं आल्यापासनं हात लावला न्हाय म्या. पयल्या पगारात घ्यायची ठरवली हुती. दुकानापातुर गेलो बी. मंग वाटलं, अब्बा म्हनत्यात तेच खरं आसंल. गोदामात कामाला हाय म्या. खोकी भरतो.”

गफारभाईंनी फरिदाबींकडं बघितलं. त्यांच्या नुसत्या पाठीवरूनच कळत होतं की त्यांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी ते सांगितलं नव्हतं, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सहा वर्षं आपण भिंतीला टेकून बसलो आणि भिंतीपलीकडं पोरगं खोकी भरत राहिलं, आपल्याच एका वाक्यावर विश्वास ठेवून, हे गफारभाईंना एकदम समजलं.

“मंग त्यो कोन हाय?” ते म्हणाले.

“कोन का आसंना. जगात लई लोक वाजवत्यात.”

“मंग चौथ्याला थांबतो कशापायी?”

“काय म्हाईत. कापूस उलटाया थांबत नसनार, एवढं खरं.”

गफारभाईंना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. फोन ठेवावा की काय, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात पलीकडून कलीमच बोलला.

“तुमी थांबला की मला जाग यायची. ईटला, त्या लिंबाखाली. डोळं उघडून बघायचो, तर तुमी कापूस वर घ्यायचा. कवा कवा लई येळ लावायचा.”

“तुला आठवतंय व्हय ते?”

“अम्मी म्हनती, एवढ्या लहानपनीचं कुणाला आठवत नसतंय. मला आठवतंय.”

गफारभाईंनी खुंटीकडं बघितलं. पिंजणाच्या तातेवर धूळ होती. शेजारच्या खोळीवर नव्हती.

“तुझी गिटार हाय हितं,” ते म्हणाले. “नीट ठिवलीया.”

“अम्मी म्हनली. रजई शिवलीया म्हनं तिला.”

“थंडी हाय.”

पलीकडून जो आवाज आला तो हसण्याचा होता की नुसत्या श्वासाचा, ते मोबाइलवर नीट कळलं नाही.

“तारा लागतील तिला,” गफारभाई म्हणाले. “म्या घालून ठिवतो. किती लागत्यात?”

“सहा.”

“तोडताना मोजल्या न्हायत म्या.”

“म्या मोजल्या हुत्या, अब्बा.”

 गफारभाईंनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. पलीकडं लांबवर घंटा वाजली, जेवणाची सुट्टी संपल्याची असावी. कुणीतरी कलीमला हाक मारली.

“तुळजापुरात न्हाय मिळायच्या तारा,” कलीम घाईत म्हणाला. “सोलापुरात मिळत्यात.”

“मंग उद्या सोलापूरला जाऊन येतो म्या. नाव सांग त्यांचं, कागुद घेतो.”

“ऱ्हाऊ द्या,” कलीम म्हणाला. मग जरा थांबला. बाप श्वास आत घेऊन बाहेर सोडीपर्यंत थांबला. “सोलापूर वाटंतच लागतंय.”

फोन बंद झाला. गफारभाईंनी तो ताटाशेजारी ठेवला. फरिदाबींनी अजून इकडं तोंड केलं नव्हतं.

“बरं हाय का?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न सहा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारला होता. एरवी तो नवऱ्याचा असायचा.

“बरं हाय,” गफारभाई म्हणाले, आणि तांदळाचं ताट पुढं ओढून खडे वेचू लागले. कधी नव्हे ते फरिदाबींनी त्यांना तसं करू दिलं.

दहाव्या दिवशी हर्षाली दारातच थांबली होती.

“बोललात का काका? त्याचंच होतं ना?”

“न्हाय,” गफारभाई चप्पल काढत म्हणाले. “दुसरंच कुणीतरी हाय.”

“अगं बाई.” तिनं खिडकीतल्या मोबाइलकडं बघितलं. “मग आज ते नको लावू का?”

“लाव की. त्या बिचाऱ्यानं काय केलंय? चांगला वाजवतो त्यो.”

शेक झाला. आज गफारभाई झोपलेही नाहीत आणि त्यांचे डोळेही भरले नाहीत. कुठल्या तरी तळ्याकाठचं ते अनोळखी माणूस तीन हलके आणि एक जड ठोका देऊन थांबत होतं, कशासाठी ते त्याचं त्याला ठाऊक. ते थांबलं की गफारभाई थोडे पुढं वाकायचे, दारात पाऊल वाजलं का ते ऐकावं तसे.

मग ते भिंतीपुढं उभे राहिले. बोटं चढू लागली. छाती, खांदा, हनुवटी. जुन्या खुणा एकेक करून मागं पडल्या. गालापाशी हात अडला आणि दुखला. गिटार चौथ्या ठोक्याला थांबली, तळवा वळला, हात वर सरकला. हर्षालीनं टाचा उंचावून खूण केली. ती त्यांच्या कानाच्या वर होती.

“दहा झाले काका. आता यायला नको. पण घरी रोज भिंतीवर करायचं, सोडायचं नाही.” ती चकत्यांच्या वायरी गुंडाळू लागली. तेवढ्यात तिला आठवलं. “आणि घरी व्यायामाला गिटार कशी लावणार? तुमचा फोन तर साधा आहे.”

गफारभाईंनी खुर्चीवरची टोपी उचलली, उजव्या हातानं.

“सोलापूर वाटंतच लागतंय,” ते म्हणाले.

हर्षालीला काही कळलं नाही. गफारभाईंनी टोपी डोक्यावर ठेवली. ती जरा तिरकी बसली, पण त्यांनी ती सारखी केली नाही आणि तसेच बसस्टँडच्या बाजूनं निघाले.